नसलेल्या तुळया

आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक म्हणजे चहा, चिवडा आणि पार्किंगवरून वाद, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. परंतु गेल्या श्रावणातल्या बैठकीत वाद झाला नाही. पार्किंगच्या डोक्यावर जे मोठे पटांगण आहे, ज्याला बिल्डर मंडळी पोडियम म्हणतात, तेथे हिरवळ करावी, कडेने झाडे लावावीत आणि मधोमध बसायला बाके टाकावीत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मला कोणी विचारले नाही. मला विचारले ते ठराव लिहून झाल्यावर.

"तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर टाकून एकदा बघा, आणि चार ओळींचे पत्र द्या. पाच मिनिटांचे तर काम."

"माती किती घालणार?" मी विचारले.

"फार नाही हो. दीड फूट. हिरवळीला तेवढी लागतेच, माळी म्हणाला."

चिवड्याचा बकाणा माझ्या घशातच अडकला. आमच्या पार्किंगच्या छताला तुळया नाहीत, हे त्या बैठकीत एकट्या मला ठाऊक होते. वास्तविक रोज गाडी काढताना प्रत्येकजण ते छत पाहतो. पण तुळई नसणे ही काही डोळ्यांत भरणारी गोष्ट नव्हे. असलेली वस्तू दिसते. नसलेली कशी दिसणार?

जुन्या घराची रचना आपल्या अंगवळणी पडलेली असते. वर पाटण किंवा स्लॅब, तिच्याखाली तुळई म्हणजे बीम, बीमच्या टोकांना कॉलम आणि कॉलमच्या तळाशी पाया. भार पायरीपायरीने खाली उतरतो. ज्या बांधणीला आम्ही फ्लॅट स्लॅब म्हणतो, तीत मधली पायरीच काढून टाकलेली असते. स्लॅब थेट कॉलमवर टेकते. बिल्डरला हे फार आवडते, आणि त्याचे त्यात काही चुकत नाही. दोन-अडीच फूट खोल बीम गेला की मजल्याची उंची तेवढी वाचते. हवेचे नळ, पाण्याचे पाइप आणि विजेच्या वायरी सरळ नेता येतात. सेंटरिंगचे कामही झटपट उरकते, कारण खाचाखोचा नसतात. म्हणून मॉल, ऑफिसांच्या इमारती आणि गाड्या ठेवायचे मजले यांत फ्लॅट स्लॅब सर्रास दिसते.

मग ह्यात मेख कुठे आहे? एक कागद चौघांनी चार बाजूंनी ताणून धरावा आणि खालून पेन्सिल टेकवावी. कागद वाकेल, झोळ येईल, हे झालेच. पण जोर वाढत गेला तर तो वाकता वाकता तुटत नाही, पेन्सिल आरपार वर येते. फ्लॅट स्लॅबचे मरण असे असते. छत मधोमध मोडत नाही. कॉलम आहे तेथेच उभा राहतो आणि स्लॅब त्याच्याभोवतीने सुटून खाली जाते. पूर्वी बसचा कंडक्टर चिमट्याने तिकिटाला भोक पाडी, त्याची आठवण ठेवूनच की काय, आम्ही ह्याला 'पंचिंग' म्हणतो. वाकून जाणारी स्लॅब आधी झोळ दाखवते, भेगा दाखवते, पळायला वेळ देते. पंचिंगला बहुधा तेवढा धीर नसतो. शिवाय एका कॉलमपाशी स्लॅब सुटली की तिचा भार शेजारच्या कॉलमवर जातो, तिथेही तेच होते, आणि वरचा मजला खालच्यावर कोसळतो तेव्हा खालचाही सुटतो.

आता ही बांधणी काही आजची नाही. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहरी सी. ए. पी. टर्नर नावाच्या इंजिनिअरने १९०६ साली अशी इमारत उभी केली. कॉलमचे डोके त्याने छत्रीसारखे फुलवले होते, म्हणून त्या पद्धतीला 'मशरूम', म्हणजे आपली अळंबी, हे नाव पडले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रोबेर माय्यार १९०८ पासून असेच प्रयोग करीत होता, आणि १९१० साली झुरिकच्या एका गोदामात त्याने ते वापरले. दोघांनीही आधी बांधले, वर वजने ठेवून पाहिली, आणि हिशेब मागाहून बसवला. त्यामुळे स्लॅबमध्ये लोखंड किती घालावे ह्याचे प्रत्येकाचे गणित निराळे. ज्याचे लोखंड कमी, त्याचा भाव कमी, आणि काम त्याच्याकडे!

ह्या गोंधळात १९१४ साली जे. आर. निकोल्स ह्या इंजिनिअरने एक साधी गोष्ट मांडली. स्लॅब कशीही वागो, तिच्या एका खणावरचा भार आणि दोन कॉलमांमधले अंतर ठरले की त्या खणात एका दिशेने एकूण वाकण किती, हे ठरूनच गेले. आमच्या भाषेत ह्या वाकणाला मोमेंट म्हणतात. ती कॉलमपाशी थोडी जास्त असेल, मधे थोडी कमी असेल, पण बेरीज चुकायची नाही. एकूण भाराला मोकळ्या अंतराने गुणा आणि आठाने भागा, की झाले. पंक्तीला वाढप्याने कोणाला दोन जिलब्या वाढल्या आणि कोणाला चार, तरी परातीतून गेलेल्या जिलब्यांची संख्या तीच राहते, तसे. त्या काळच्या मातब्बरांनी निकोल्सची यथेच्छ टर उडवली. बांधलेल्या इमारती उभ्या आहेत, मग जास्त लोखंड कशाला, असा त्यांचा सवाल होता. अमेरिकन नियमांत तो आकडा पुरता मान्य व्हायला १९७१ साल उजाडले. आपल्याकडच्या आयएस ४५६ ह्या मानकातही आठाने भागायचे तेच सूत्र आहे.

हे सूत्र पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्यात मावते. मग कॉम्प्युटर हवा कशाला? कारण खऱ्या इमारतीत कॉलम चौपट खेळाच्या पटासारखे ओळीत उभे नसतात. कुठे जिन्यासाठी भोक असते, कुठे एखादा कॉलम रस्त्याच्या वळणासाठी बाजूला सरकवलेला असतो, कुठे लिफ्टची भिंत मधे येते. बेरीज कळते, पण वाटणी कळत नाही. ती वाटणी कॉम्प्युटर करून देतो. स्लॅबचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा शेजारच्याला कोपऱ्यांवर जोडलेला आहे असे मानायचे, आणि हजारो समीकरणे एकदम सोडवायची. ह्या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या रे क्लाफ ह्यांनी १९६० साली दिले. त्यांच्याच विद्यापीठात एडवर्ड विल्सन ह्यांनी १९७० साली 'सॅप' हा प्रोग्रॅम तयार केला. आज ईटॅब्स आणि सेफ ही जी नावे आमच्या ऑफिसांतून ऐकू येतात, ती त्याच घराण्यातली.

पडद्यावर इमारत उभी करण्याच्या ह्या कामाला आम्ही मॉडेल करणे म्हणतो. पाहणाऱ्याला ते मोठे मौजेचे वाटते. माझ्या सौ.नी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखे आहे." उपमा अगदी बरोबर आहे, फक्त रांगोळीचा ठिपका चुकला तर अंगणातल्या चार बायकांच्या ते लगेच लक्षात येते.

कॉम्प्युटरला आपण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, आणि आपण जे सांगतो तेच तो खरे मानतो. स्लॅब कशा जातीची ते सांगा: नुसता भार पोचवणारी चादर, की स्वतः वाकणारी, जोर घेणारी पाटी? बीम असलेल्या घरात चादर म्हणून भागते. फ्लॅट स्लॅबला चादर म्हटले तर ती कॉलमला काही मोमेंट देतच नाही, आणि कॉलम बिचारे कागदावर सडपातळ निघतात. कॉलम स्लॅबला कुठे टेकतो ते सांगा: एका टिंबावर, की दोन फूट रुंदीच्या डोक्यावर? टिंबावर म्हणाल तर गणितात त्या टिंबापाशी मोमेंटला अंतच नाही. जाळी बारीक केली की आकडा वाढतो, आणखी बारीक केली की आणखी वाढतो. नवशिका घाबरून लोखंड वाढवत बसतो. दुसरा एखादा चतुर जाळी जाडीभरडी ठेवतो, कारण मग आकडा छान दिसतो! दोघेही चुकतात. कॉलमला त्याची खरी रुंदी द्यावी, त्याच्या कडेशी आकडा घ्यावा, आणि तो ठराविक पट्ट्यावर सरासरीने पसरावा, ही खरी रीत. स्लॅबच्या तुकड्यांना पीळही बसतो. लांबीची आणि रुंदीची मोमेंट वाचली आणि पिळाचा रकाना सोडला, तर कोपऱ्यांत लोखंड कमी पडते. काँक्रीटला भेगा जाणारच, हे धरून स्लॅबची ताठरता कमी करून सांगावी लागते. अमेरिकन नियम भूकंपाच्या हिशेबात ती चौथाईवर आणायला सांगतात. तसे नाही केले तर इमारत कागदावर ताठ उभी राहते आणि प्रत्यक्षात डोलते. मेक्सिको शहरात सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात अशा बीम नसलेल्या कितीतरी इमारती पडल्या, तेव्हापासून ह्या डोलण्याकडे जगभर फार बारकाईने पाहू लागले.

पण माझ्या हातून झालेली चूक ह्यांपैकी नव्हती. ती इतकी साधी होती की सांगायची आजही लाज वाटते.

मी तेव्हा एका सल्लागाराच्या ऑफिसात नोकरीला होतो. एक उंच इमारत आणि तिच्या पायथ्याशी गाड्यांचा पोडियम, असे काम आले. आठ मीटरवर कॉलम, म्हणजे खण आठ मीटर बाय आठ मीटर. सुरुवातीच्या नकाशात बीम होते. ७५ सेंटिमीटर खोलीचे ते बीम पुढे आर्किटेक्टला नकोसे झाले आणि ठरले की पोडियमला फ्लॅट स्लॅब करावी. मी मॉडेलमधली स्लॅब २५ सेंटिमीटर जाड केली, नवे भार घातले, आणि पडद्यावरची गर्दी कमी व्हावी म्हणून बीम 'दिसू नयेत' असे बटण दाबले. काढून टाकायचे होते, मी लपवले. मधे चार दिवस दुसऱ्या कामात गेले. पुन्हा फाइल उघडली तेव्हा पडद्यावर एकही बीम नव्हता. नाहीत म्हणजे नाहीत, असे मी धरून चाललो.

उत्तर फार सुरेख आले. सगळी स्लॅब निळी-हिरवी, कुठेही लाल डाग नाही. लोखंड बेताचे. पंचिंगच्या तपासणीत कॉलमांसमोर 'हिशेब केलेला नाही' अशा अर्थाची दोनच अक्षरे उमटत होती. अपयशाचा लाल शेरा नाही ना, मग झाले, असे म्हणून मी पुढे गेलो. खरे तर कॉम्प्युटर मला सांगत होता, की बाबा, येथे बीम कॉलमला मिळतो आहे, येथे पंचिंगचा प्रश्नच येत नाही! त्याच्या जगात ते बीम उभे होते आणि भार वाहत होते. माझ्या जगात ते नव्हते. आणि साइटवर तर ते कधीच होणार नव्हते. शनिवारी नकाशे साइटवर जायचे होते.

आमचे मोठे साहेब तेव्हा सत्तरीच्या घरात होते. कॉम्प्युटरला हात लावत नसत. पण त्यांच्या सहीशिवाय नकाशा बाहेर जात नसे. शुक्रवारी संध्याकाळी मी कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि एक जुने पाकीट पालथे घातले.

"स्लॅब पंचवीस सेंटिमीटर ना? म्हणजे दर चौरस मीटरला सव्वासहाशे किलो. फरशी, उतार वगैरे पावणेदोनशे. गाड्या-माणसे चारशे. किती झाले?"

"बाराशे किलो, साहेब."

"म्हणजे एक पूर्णांक दोन टन. खण चौसष्ट चौरस मीटर. कॉलमवर आला सत्त्याहत्तर टन. कॉलम साठचा, तेव्हा मोकळे अंतर सात मीटर चाळीस. गुण आणि आठाने भाग."

मी भागले. सहासष्टच्या आसपास आले.

"सहासष्ट टन-मीटर. आता तुझ्या त्या रंगीत चित्रातून एका खणाची बेरीज करून दाखव."

मी परत जागेवर गेलो, स्लॅबच्या पट्ट्यांचे आकडे काढले, कॉलमपाशीच्या दोन टोकांची सरासरी घेतली, त्यात मधला मिळवला. सव्वीस आले. पुन्हा केले. सव्वीसच.

"उरलेले चाळीस कुठे गेले?" साहेबांनी विचारले. आवाज चढवला नाही. "हवेत तर जात नसतात."

मला उत्तर देता आले नाही. साहेबांनी पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात आणखी एक हिशेब केला. कॉलमच्या कडेपासून स्लॅबच्या निम्म्या कामाच्या खोलीवर एक चौकोन आखायचा. त्या चौकोनाच्या घेरावर सगळा भार लोंबकळतो. घेर आला ३ मीटर २४ सेंटिमीटर, कामाची खोली २१ सेंटिमीटर. सत्त्याहत्तर टनांना सुरक्षिततेसाठी दीडपट केले आणि त्या पट्ट्यावर वाटले. दर चौरस सेंटिमीटरला सतरा किलो. आम्ही जे काँक्रीट घेतले होते त्याला चौदा झेपतात.

"सतरा आणि चौदा," एवढेच बोलून ते चष्मा पुसू लागले.

रात्री साडेनऊला मला ते बीम सापडले. 'सर्व दाखवा' हे बटण दाबताच ते सगळे एकदम पडद्यावर आले, एका ओळीत, जणू काही घडलेच नाही अशा थाटात. माझे हातपाय गार पडले. त्या नकाशाप्रमाणे काम झाले असते तर? सेंटरिंग काढताक्षणी स्लॅब पडली असती असे नाही. दीडपटीचे राखीव बळ असते. पण लागणाऱ्या लोखंडाच्या चाळीस टक्क्यांवर ती उभी राहिली असती. स्वतःच्या वजनानेच मेटाकुटीला आली असती, आणि वर गाड्या अजून यायच्या होत्या. नकाशे शनिवारी गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात प्रत्येक कॉलमच्या डोक्याशी स्लॅब ४५ सेंटिमीटरपर्यंत जाड केली. ह्या जाड चौकोनाला ड्रॉप म्हणतात. तेथला सतराचा आकडा सातावर आला. आर्किटेक्ट रागावले, कारण त्यांचे पाइप ड्रॉपला वळसा घालून न्यावे लागले. ते पाकीट मात्र साहेबांनी फायलीला टाचून ठेवले.

माझी चूक शुक्रवारी सापडली म्हणून ती आज गोष्ट म्हणून सांगता येते. नॉर्वेत १९९१ साली समुद्रातल्या एका तेल-फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया तयार होत होता. 'स्लाइप्नर ए' त्याचे नाव. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये काही नाजूक भिंतींची जाळी नीट पडली नव्हती, त्यामुळे तेथला कातरणारा जोर ४७ टक्क्यांनी कमी दाखवला गेला. २३ ऑगस्टला पाया चाचणीसाठी पाण्यात खाली नेत असताना भिंत फाटली आणि ते सबंध धूड फ्योर्डच्या तळाशी जाऊन चुरा झाले. सुदैवाने प्राण कोणाचे गेले नाहीत. पुढे सावकाश, नीट जाळी पाडून हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटर पाण्याला फाटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फाटली होती. म्हणजे यंत्राची विद्या खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न चुकला होता.

आता आमच्या सोसायटीच्या मातीकडे वळायचे, तर वाटेत सोलला थांबले पाहिजे. मॉडेल बरोबर असले आणि नकाशा बरोबर असला, तरी मागाहून माणसे इमारतीचे काय करतात, हे मॉडेलला कोण सांगणार?

दक्षिण कोरियात सोल शहरी 'साम्पुंग' नावाचे पाच मजली डिपार्टमेंट स्टोअर होते. फ्लॅट स्लॅबचेच. आधी चार मजल्यांचा बेत होता, पाचवा नंतर चढला. त्यावर उपाहारगृहे आली, आणि कोरियन रिवाजाप्रमाणे पाहुणे जमिनीवर बसणार म्हणून फरशीखालून गरम पाण्याचे नळ काँक्रीटमध्ये गाडले गेले. गच्चीवर हवा थंड करण्याची जड यंत्रे होती. ती शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून एका बाजूची दुसऱ्या बाजूला ओढत नेली, उचलून नव्हे. वरच्या मजल्यावरचे कॉलम ८० सेंटिमीटरचे हवे होते, ते ६० चे झाले होते. म्हणजे ज्या घेरावर स्लॅब लोंबकळायची तो घेरच चौथाईने घटला. २९ जून १९९५ च्या सकाळी वरच्या मजल्यावर कॉलमांभोवती भेगा दिसल्या. मालकांनी वरचा मजला बंद केला, पण दुकान चालू ठेवले. गिऱ्हाइकांची गर्दी चांगली होती. संध्याकाळी सहाच्या सुमाराला इमारतीचा एक सबंध भाग काही सेकंदांत तळघरापर्यंत गेला. ५०२ माणसे मेली. पंधरवडा उलटल्यावरही ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत निघाले, ह्याचे तेव्हा जगाला नवल वाटले होते. मला नवल वाटते ते सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या त्या वेळेचे.

आणि अमेरिकेत फ्लॉरिडातल्या सर्फसाइडला २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर 'चॅम्प्लेन टॉवर्स साउथ' ही बारा मजली राहती इमारत पडली. ९८ माणसे गेली. तेथे गाड्यांच्या मजल्यावर पोहण्याच्या तलावाभोवतीचे पटांगण होते, ते फ्लॅट स्लॅबचे. सरकारी तपासात पुढे आले, की त्या पटांगणाची रचना मुळातच नियमांत बसत नव्हती, आणि त्यावर मागाहून वाळू, फरश्या आणि मातीच्या जड कुंड्या चढल्या होत्या. वाचकहो, आता सांगा: "फार नाही हो, दीड फूट," हे शब्द ऐकून मी चिवडा खाली ठेवला, ह्यात माझे काय चुकले?

सेक्रेटरींना पाच मिनिटांचे काम वाटले होते, त्याला माझ्या पाच संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी कपाटातून जुन्या नकाशांची गुंडाळी शोधली. पोडियमची स्लॅब ३० सेंटिमीटर, कॉलमवर ड्रॉप, काम चोख. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: फरशी वगैरे २००, वापराचा भार ५०० किलो. मातीचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि टेप घेऊन खाली उतरलो. रखवालदाराला वाटले, माझे काहीतरी हरवले आहे. सी-४ नंबरच्या कॉलमला अगदी चिकटून आगीच्या पाइपासाठी कोणीतरी छतात दोन गोल भोके पाडली होती. नकाशात ती नाहीत. कॉलमच्या घेराशी भोक म्हणजे लोंबकळायच्या दोरीचा एक पदर कापणे. मी ती मोजून मॉडेलमध्ये घातली. मग कॉम्प्युटरला सगळ्या कॉलमांवरच्या भारांची बेरीज विचारली आणि ती वहीत हाताने केलेल्या बेरजेशी ताडली. बीमांची यादीही उघडून पाहिली, लपवलेल्यांसकट. खोड आहे, आता जाणार नाही.

हाताने मात्र पहिल्याच रात्री उत्तर आले होते. मूळ हिशेब: स्लॅब ७५०, फरशी २००, वापर ५००, एकूण साडेचौदाशे किलो. दीड फूट ओली माती म्हणजे दर चौरस मीटरला साडेआठशेच्या वर. हिरवळीवर माणसांची वर्दळ कमी धरून चारशे घेतले, तरी एकूण बावीसशे. जुन्याच्या दीडपट. इंजिनिअर जे दीडपटीचे राखीव बळ ठेवतो, ते हिशेबातल्या चुका, साइटवरची हयगय, गंज आणि न सांगता येणारे काय काय ह्यांच्यासाठी असते. ते सगळेच्या सगळे माळ्याला देऊन टाकायचे!

मी पत्र दिले. चार ओळींचे नाही, दीड पानाचे. हिरवळ नाही. सी-४ जवळची भोके तज्ज्ञाला दाखवून दुरुस्त करून घ्यावी, आणि तोवर वरच्या जागेत गाडी किंवा पाण्याची टाकी ठेवू नये. कुंड्या हव्या असतील तर बाकीच्या कॉलमांच्या बरोबर डोक्यावर ठेवाव्यात. तेथले वजन स्लॅबला त्रास न देता सरळ खाली जाते. सेक्रेटरी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः खडू घेऊन आले. आम्ही दोघांनी खालून अंतरे मोजून वर पोडियमच्या फरशीवर कॉलमांचे चौकोन आखले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लगेच एका चौकोनावर तुळशीच्या कुंडीची जागा धरली. त्यांच्या तुळशीखाली सी-७ आहे. मी पाहून घेतले.

परवा पोरे दाराशी आली. पाच-सहाजण, हात मातीने बरबटलेले. सगळ्यांत धीट मुलगी पुढे झाली. "काका, दिवाळीचा किल्ला करायचाय. सेक्रेटरीकाका म्हणाले, आधी तुम्हाला विचारा."

"केवढा?"

तिने हात पसरून दाखवले. लांबी दोन मीटर, रुंदी दीड मीटर, उंची सरासरी एक फूट. आत विटा आणि पोती. मी पाकीट पालथे घातले. दीड टन, तीन चौरस मीटरवर. दर चौरस मीटरला पाचशे किलो, नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले तेवढेच.

"करा," मी म्हणालो, "पण सी-४ पासून लांब. आणि बुरूज फार उंच नको."

"मग प्रतापगड नको," ती मागे वळून म्हणाली. "सिंधुदुर्ग करू."